परभणीचा कापूस आणि मार्क्सचें अर्थशास्त्र

एखाद्या शास्त्राभोंवतीं वाद माजला म्हणजे त्या शास्त्राचा मूळ प्रश्न कोणता होता, हीच गोष्ट प्रथम विस्मृतींत जाते. कार्ल मार्क्सच्या अर्थशास्त्राचें असेंच झालें आहे. त्याच्या भक्तांना त्यांत साऱ्या रोगांवरचें औषध दिसतें. त्याच्या शत्रूंना त्यांत साऱ्या रोगांचें मूळ दिसतें. ह्या वैद्यानें कोणती नाडी पाहिली, कोणतें दुखणें ओळखलें आणि कोणत्या दुखण्याविषयीं तो फारसें बोललाच नाहीं, ह्याची चौकशी मात्र दोन्ही पक्षांत क्वचितच होते. ती करावयाची तर ग्रंथांच्या राशींतून आरंभ करण्यापेक्षां महाराष्ट्रांतील एका जिल्ह्यापासून आणि त्यांतील एका पिकापासून आरंभ करणें सोयीचें होईल. जिल्हा परभणी, पीक कापूस.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या आसपास पसरलेल्या परभणीच्या काळ्या जमिनींत ज्वारी आणि कापूस हीं पिकें शेजारीं शेजारीं उभीं राहत आलीं. दोहोंचा स्वभाव मात्र अगदीं निराळा. ज्वारी घरांत येते, कणगींत पडते, वर्षभर भाकरीच्या रूपानें पानांत येते. उरली तर बाजारांत जाते. कापूस खातां येत नाहीं. तो वेचला त्याच दिवसापासून बाजाराची वाट धरतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग ह्या जिल्ह्यांतून चालू झाला, आणि सेलू, मानवत, परभणी येथील कापसाच्या पेठा मुंबईशीं व मुंबईच्या द्वारां जगांतील भावांशीं जोडल्या गेल्या. पुढें १९४८ सालीं निजामाची सत्ता गेली. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९९९ सालीं हिंगोली त्यापासून वेगळा झाला. अलीकडे सोयाबीननें कापसाची बरीच जमीन घेतली. परंतु विकण्यासाठीं पिकविण्याची जी रीति एकदां रुजली, ती कांहीं मागें फिरली नाहीं.

आतां ह्या कापसाच्या एका गाठीचा प्रवास पाहावा. बायका शेतांत वांकून बोंडांतला कापूस वेचतात. त्यांना किलोमागें मजुरी मिळते. शेतकरी कापूस बाजारांत नेतो. तेथें भाव ठरतो. व्यापारी तो जिनिंगमध्यें घालतो; तेथें सरकी निराळी होते आणि रुई निराळी निघते. कापसाच्या वजनांत रुई सुमारें एक-तृतीयांश. म्हणून १७० किलोंची एक गाठ बांधण्यास जवळजवळ ५०० किलो कापूस लागतो. गाठ गिरणींत जाते, तिचें सूत होतें, सुताचें कापड होतें, आणि तें कापड फिरून त्याच सेलू-मानवतच्या दुकानांत येऊन बसतें. कापूस वेचणारी बाई त्याचा भाव विचारते आणि पुष्कळदां तशीच पुढें जाते.

ह्या साऱ्या प्रवासांत चोरी कोठें झाली? तराजूंत खोट धरणारा व्यापारी आणि खोटें खत लिहून घेणारा सावकार हे जगांत असतातच. परंतु क्षणभर असें धरावें कीं, सर्व मापें चोख आहेत, सर्व भाव बाजारांत ठरले आहेत, प्रत्येकानें दिलेल्या वस्तूचें पुरें मोल घेतलें आहे. तरीहि प्रवासाच्या अखेरीस एकाजवळ भांडवल सांठतें आणि दुसऱ्याजवळ पुढच्या पेरणीचें बियाणेंहि उरत नाहीं. लबाडी नसतांना हें कसें घडतें? मार्क्सच्या अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न हाच आहे. लुबाडणुकीची हकीकत सांगणें सोपें असतें. चोख व्यवहारांतून विषमता कशी निपजते, हें सांगणें कठीण. त्यानें कठीण काम पत्करलें.

वस्तूचें मूल्य तींत खर्च झालेल्या श्रमांवर अवलंबून असतें, ही कल्पना मार्क्सची म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती मुळांत त्याची नव्हे. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं आणि डेव्हिड रिकार्डोनें १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ती आपापल्या परीनें मांडलेली आहे. मार्क्सचा अर्थशास्त्रावरील पहिला मोठा ग्रंथ १८५९ सालीं निघाला, आणि 'भांडवल' ह्या त्याच्या मुख्य ग्रंथाचा पहिला भाग १८६७ सालीं बाहेर पडला. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकांतच तो अर्थशास्त्राची चिकित्सा असल्याचें म्हटलें आहे. ह्याचा अर्थ असा कीं, पूर्वसूरींचे नियम मान्य करूनच, त्यांनीं जो प्रश्न विचारावयाचा तो विचारला कां नाहीं, हें त्याला दाखवावयाचें होतें. आधुनिक समाजाच्या आर्थिक गतीचा नियम उघडा करणें हा आपल्या ग्रंथाचा हेतु असल्याचें त्यानें प्रस्तावनेंत सांगितलें आहे. हेतु म्हणजे एवढाच आणि एवढा मोठा.

त्याच्या विवेचनाचा आरंभ विक्रीच्या वस्तूपासून होतो. अशा वस्तूला दोन अंगें असतात. ती कोणाच्या तरी उपयोगीं पडते, हें तिचें उपयोग-मूल्य. आणि तिच्या बदल्यांत दुसरी वस्तु मिळते, हें तिचें विनिमय-मूल्य. घरच्या कणगींतील ज्वारीला पहिलें मूल्य पुरेसें आहे; बाजारांतील कापसाला दुसऱ्यावांचून गति नाहीं. आतां कापूस, मीठ, लोखंड ह्या सर्वस्वीं भिन्न वस्तु एकाच मापानें मोजल्या जातात, त्या अर्थीं त्यांत कांहीं समान असलें पाहिजे. तें समान तत्त्व म्हणजे ती वस्तु निर्माण करण्यास त्या काळच्या समाजांत साधारणपणें लागणारे श्रम. येथें 'साधारणपणें' हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या संथ विणकरानें दुप्पट दिवस घेतले म्हणून त्याच्या धोतरजोडीचें मूल्य दुप्पट होत नाहीं; आणि यंत्रमाग आल्यावर हातमागावरचा कष्टाळू विणकर न चुकतां पूर्वीइतकेच श्रम करतो, तरी त्याच्या कापडाचें मूल्य घटतें. बाजार व्यक्तीचे श्रम मोजीत नाहीं, समाजाचे मोजतो.

पण मग नफा कोठून येतो? शंभराची वस्तु शंभरालाच विकली तर नफा नाहीं. ती एकशेंदहाला विकली तर विकणाऱ्याला दहा मिळाले आणि घेणाऱ्याचे दहा गेले. समाजांतील एकंदर बेरीज तेवढीच राहिली. सगळेच एकमेकांना महाग विकूं लागले तर सगळेच समान राहतील. म्हणून मार्क्स म्हणतो कीं, बाजारांतच अशी एखादी वस्तु मिळाली पाहिजे कीं, जी तिच्या पुऱ्या मोलानें विकत घेतली तरी वापरतांना आपल्या मोलापेक्षां अधिक मूल्य निर्माण करते. अशी वस्तु एकच आहे: माणसाची काम करण्याची शक्ति. मजूर आपले श्रम विकत नाहीं, आपली श्रमशक्ति ठराविक वेळेपुरती विकतो. हा भेद सूक्ष्म दिसतो. परंतु मार्क्सच्या साऱ्या इमारतीची कोनशिला तोच आहे.

उदाहरणासाठीं जिनिंगमधील एक कामगार कल्पनेनें उभा करावा. त्याची मजुरी दिवसाला ४०० रुपये आणि काम ८ तासांचें, असें धरूं. त्याच्या एका तासाच्या कामानें मालांत १०० रुपयांची भर पडते, असेंहि धरूं. कापूस, वीज आणि यंत्राची झीज ह्यांचें मूल्य रुईंत जसेंच्या तसें उतरतें. तें वाढत नाहीं. म्हणून ह्या भांडवलाला मार्क्स स्थिर भांडवल म्हणतो. मजुरींत घातलेलें भांडवल मात्र वाढतें. तें चल भांडवल. पहिल्या ४ तासांत कामगारानें आपल्या मजुरीची भरपाई केली. पण त्यानें विकली आहे ती आठ तासांची शक्ति. म्हणून उरलेले ४ तासहि तो यंत्रासमोर उभा राहतो. त्या तासांतून निघालेले ४०० रुपये हें वरकड मूल्य. मालकानें मजुरी बुडविली नाहीं. कामगार व त्याचें कुटुंब जगण्यास समाजाच्या रिवाजाप्रमाणें जें लागतें, तें त्यानें दिलें. कामगारानें कामांत कुचराई केली नाहीं. सौदा चोख झाला, आणि त्या चोख सौद्याच्या पोटांतच वरकड मूल्य निर्माण झालें. मूळ प्रश्नाचें मार्क्सनें दिलेलें उत्तर तें हें.

हें उत्तर लागू पडण्यास दोन अटी आहेत. मजूर स्वतःच्या शक्तीचा धनी असला पाहिजे, आणि जमीन-हत्यारें ह्यांच्यापासून तो तुटलेला असला पाहिजे. वेठीला धरलेला माणूस पहिल्या अटींत बसत नाहीं. स्वतःच्या वावरांत राबणारा कुणबी दुसऱ्या अटींत बसत नाहीं. आगाऊ उचल घेऊन वर्षासाठीं बांधला गेलेला सालगडी दोहोंच्या मधोमध कोठें तरी उभा असतो. परभणीसारख्या जिल्ह्यांत ह्या अटी लक्षांत ठेवणें अगत्याचें आहे.

एकदां वरकड मूल्याची कल्पना मान्य केली म्हणजे कारखानदारीच्या इतिहासांतील पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो. कामाचे तास वाढविण्यासाठीं मालकांची आणि ते कमी करण्यासाठीं कामगारांची एवढी झुंज कां? कारण वरकड तास त्यांतूनच निघतात. तास कायद्यानें बांधले गेले तर यंत्रें सुधारून, एकाच माणसाकडून अधिक काम करून घेऊन, मजुरीच्या भरपाईचा काळ आंखडला जातो. मुंबईंत १९२८ सालीं गिरणी कामगारांनीं सुमारें सहा महिने जो संप केला, त्याचें एक मोठें कारण हेंच होतें कीं, एका माणसाकडे पूर्वीपेक्षां जास्त माग व जास्त चात्या सोपविण्याची पद्धत येत होती. त्या संपांतून गिरणी कामगार युनियन पुढें आली, आणि मार्क्सची परिभाषा गिरणगांवांतील चाळींपर्यंत पोंचली. यंत्रानें सुटे झालेले लोक दाराशीं उभे असले म्हणजे आंतल्या माणसाची मजुरी वाढत नाहीं, हाहि त्याच विचाराचा एक धागा होय.

ह्या शास्त्राकडून काय मागूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. उद्यां सेलूला कापसाचा भाव काय निघेल, हें त्यांतून कळणार नाहीं; तें पाऊस, साठा, परदेशांतील मागणी आणि सरकारी धोरण ह्यांवर ठरतें. अमुक शेटजी दुष्ट आहे, असाहि आरोप त्यांत नाहीं; मालकानें वरकड मूल्य सोडून दिलें तर स्पर्धेंत त्याचा कारखाना बुडेल, हें मार्क्स स्वतःच सांगतो. आणि भावी समाजाचा बांधीव आराखडा तर त्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. 'भांडवल' हा भांडवलशाहीचा ग्रंथ आहे. समाजवादाची पाककृति नव्हे. सोव्हिएत राज्य १९९१ सालीं कोसळलें, तेवढ्यानें ह्या विवेचनाचा खरेखोटेपणा ठरत नाहीं. तें उभें होतें तेव्हांहि तेवढ्यानें तो ठरत नव्हता.

मार्क्स १८८३ सालीं वारला. 'भांडवल'चा दुसरा भाग १८८५ सालीं आणि तिसरा १८९४ सालीं त्याचा मित्र फ्रेडरिक एंगल्स ह्यानें हस्तलिखितांवरून सिद्ध करून प्रसिद्ध केला. पहिल्या भागांत आपण कारखान्याच्या आंत असतों. तिसऱ्या भागांत आपण पेठेंत, पेढींत आणि शेतांत येतों. कारखान्यांत निर्माण झालेलें वरकड मूल्य एकाच्या हातीं राहत नाहीं. उद्योजकाचा नफा, व्यापाऱ्याचा नफा, पेढीचें व्याज आणि जमीनदाराचा खंड अशा वांटण्या त्यांतूनच होतात. कच्च्या मालाच्या भावांतील चढउतार नफ्याला कसा हालवितो, हें दाखवितांना मार्क्स कापसाचेंच उदाहरण घेतो. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ ह्या काळांत यादवी युद्ध चाललें, लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकदम मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि पूर ओसरला. कित्येक पेढ्या वाहून गेल्या. दख्खनच्या काळ्या जमिनीचें नशीब सात समुद्रांपलीकडच्या गिरण्यांशीं बांधलें गेल्याचा तो पहिला मोठा धडा होता.

सावकारीविषयीं तिसऱ्या भागांत जें विवेचन आहे, तें मराठवाड्यांतील वाचकाला ओळखीचें वाटेल. सावकार आणि व्यापारी हे भांडवलशाहीपेक्षां पुष्कळ जुने आहेत. सावकार उत्पन्न घेऊन जातो, परंतु उत्पादनाची रीति बदलीत नाहीं. तो जुन्या व्यवस्थेला चिकटून तिचा रस शोषतो. तिच्या जागीं नवी व्यवस्था उभी करीलच, असें नाहीं. परभणीच्या भाषेंत बोलावयाचें तर व्याजांत गेलेला कापूस विहीर होऊन शेतांत परत येत नाहीं.

येथवर आल्यावर ह्या शास्त्राच्या सीमेचा प्रश्न आपोआप पुढें येतो. जमीन स्वतःची, बैल स्वतःचे, मेहनत घरच्यांची, आणि तरीहि वर्षाच्या अखेरीस कर्ज. असा शेतकरी कोण? तो भांडवलदार आहे कीं मजूर? मार्क्सचें ह्याला सरळ उत्तर नाहीं, परंतु दोन मार्मिक सूचना आहेत. फ्रान्समधील शेतकऱ्यांविषयीं लिहितांना १८५० सालीं तो म्हणतो कीं, शेतकऱ्याचें शोषण आणि कामगाराचें शोषण ह्यांत केवळ रूपाचा फरक आहे. एकाला मजुरीच्या वाटेनें भांडवल गांठतें, दुसऱ्याला गहाणखत आणि व्याज ह्यांच्या वाटेनें. दुसरी सूचना 'भांडवल'च्या तिसऱ्या भागांत आहे. कारखानदार नफा सुटला नाहीं तर धंदा बंद करतो. लहान शेतकऱ्याला तसें करतां येत नाहीं. घरच्यांचें पोट भरेल एवढें हातीं पडलें तरी तो पेरीत राहतो. त्यामुळें त्याच्या श्रमांचा कांहीं भाग किंमतींत धरलाच जात नाहीं. तो समाजाला फुकट मिळतो. धान्य आणि कापूस स्वस्त मिळतो त्याचें एक कारण हें आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें ह्या वाक्यापाशीं घटकाभर थांबण्यासारखें आहे.

शिवाय स्वतः मार्क्सनेंच आपल्या क्षेत्राला एक कुंपण घातलें आहे. १८५३ सालीं 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' पत्रांत हिंदुस्थानावर लिहितांना रेल्वे येथें आधुनिक उद्योगांची अग्रदूत ठरेल, असें भाकीत त्यानें मोठ्या आत्मविश्वासानें केलें होतें. परंतु १८८१ सालीं व्हेरा झासुलिच ह्या रशियन बाईला लिहिलेल्या पत्रांत त्याचा सूर निराळा आहे. शेतकरी जमिनीपासून तुटण्याची जी ऐतिहासिक अपरिहार्यता आपण वर्णिली, ती पश्चिम युरोपांतील देशांपुरती आहे, असें तो तेथें स्पष्ट सांगतो. वयाबरोबर पुष्कळ लोकांची विधानें व्यापक होतात. ह्याचें मर्यादित झालें.

ह्या सीमेवरच परभणीचा राजकीय इतिहास घडला. १९४८ सालीं स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षानें १९५० सालीं दाभाडी येथें मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ह्यांच्या ह्या पक्षाच्या नांवांतच शेतकरी प्रथम आणि कामगार नंतर आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत परभणीनें त्या पक्षाचे नारायणराव वाघमारे ह्यांना लोकसभेंत पाठविलें, आणि १९७७ सालींहि परभणीची जागा त्याच पक्षाकडे गेली. निदान होतें तें असें: प्रश्न जमिनीचा आहे, जो कसतो त्याच्याकडे ती गेली पाहिजे. १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आणि १९६१ चा महाराष्ट्राचा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा ह्यांमागें अशाच विचाराचा जोर होता.

जमीन कांहीं अंशीं मिळाली, तरी कर्ज फिटलें नाहीं. तेव्हां दुसरें निदान पुढें आलें. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेचें अधिवेशन १९८४ सालीं परभणी येथेंच भरलें. जोशी मार्क्सचे जाणकार वाचक होते, आणि त्यांचा आक्षेप थेट मार्क्सच्या कोनशिलेवर होता. भांडवलाचा सांठा मुख्यतः कारखान्यांतील वरकड तासांतून होत नाहीं, तो शेतमालाचा भाव पाडून होतो. म्हणून जमिनीच्या वांटपापेक्षां उत्पादनखर्चावर आधारलेला भाव हीच शेतकऱ्याची खरी मागणी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. मार्क्सनें समासांत लिहिलेली गोष्ट त्यांनीं पानाच्या मध्यभागीं आणली, असें म्हणतां येईल. मार्क्सवाद्यांचें उत्तरहि विचार करण्याजोगें होतें: भाव वाढला तर ज्याच्याजवळ विकण्यास अधिक आहे, त्याला अधिक मिळेल, वेचणी करणाऱ्या बाईला त्यांतलें किती पोंचेल? शेतकरी आणि शेतमजूर ह्यांचें हित एकच आहे, असें धरून चालतां येईल काय?

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. जसें निदान तसा उपाय. भावाचा प्रश्न मानला म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालविली, आणि ह्या शतकाच्या आरंभीं तो एकाधिकार संपुष्टांत आला. उत्पादनाचा प्रश्न मानला म्हणून त्याच १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ निघालें, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी जिल्ह्यांत आलें. हे सारे उपाय होऊनहि ह्या शतकांत मराठवाड्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता थांबल्या नाहींत. निदानांत कांहीं तरी अपुरें राहिलें आहे, एवढें त्यावरून समजावें.

अपुरेपणाचा एक भाग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३६ सालींच दाखविला होता. 'जातिनिर्मूलन' ह्या आपल्या निबंधांत त्यांनीं असें मांडलें कीं, जाति म्हणजे केवळ श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच उतरंडीची विभागणी आहे. मार्क्सच्या सूत्रांतील मजूर हा नुसता मजूर आहे. गांवांतील मजुराला मात्र जात असते. कोणाला जमीन मिळाली, कोणाला मिळाली नाहीं आणि कोणाला पाणवठ्यावरहि उभें राहूं दिलें नाहीं, हें केवळ वरकड मूल्याच्या गणितानें उलगडत नाहीं. तसेंच वेचणी करून घरीं गेल्यावर तीच बाई पाणी भरते, स्वयंपाक करते, मुलें सांभाळते. त्या श्रमांनीं उद्यांची श्रमशक्ति तयार होते, पण त्यांचा हिशेब कोणत्याच वहींत नसतो. ह्या उणिवेची चर्चा स्त्रियांच्या प्रश्नांच्या अभ्यासकांनीं पुढें पुष्कळ केली.

अर्थशास्त्रज्ञांचेहि आक्षेप आहेत. १८७१ सालीं जेव्हन्स आणि मेंगर ह्यांनीं मूल्याचें मूळ श्रमांत नसून घेणाऱ्याला वाटणाऱ्या उपयुक्ततेंत आहे, असा सिद्धांत मांडला. विद्यापीठांतून आज जें शिकविलें जातें तें बहुतांशीं त्या परंपरेंतलें आहे. १८९६ सालीं बोम-बावर्कनें असें दाखविण्याचा यत्न केला कीं, पहिल्या भागांतील मूल्य आणि तिसऱ्या भागांतील प्रत्यक्ष किंमत ह्यांचा मेळ बसत नाहीं. त्या मेळाविषयींचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. पुढारलेल्या देशांतील कामगाराचें राहणीमान पुष्कळ वाढलें, हेंहि खरें. किंमतीचें गणित म्हणून मार्क्सचा सिद्धांत कोणी सोडून दिला तर त्याला तसें करण्यास जागा आहे.

तरीहि मूळ प्रश्न उरतोच. बाजारांत माणसें एकमेकांसमोर समान म्हणून उभीं राहतात. घेणारा आणि देणारा दोघेहि राजीखुषीनें सौदा करतात. परंतु ज्याला आज विकल्यावांचून चूल पेटवितां येत नाहीं आणि ज्याला भाव चढेपर्यंत गोदाम बंद ठेवतां येतें, त्या दोघांची समानता कितपत खरी? वस्तूंच्या किंमतींआड माणसांचे परस्परसंबंध लपलेले असतात, ते उघडे करून पाहावेत, एवढें मार्क्सचें अर्थशास्त्र शिकवितें. तो त्याचा हेतु होय. कारखाना आणि मजुरी हें त्याचें खास क्षेत्र; तेथें त्याची दृष्टि अत्यंत तीक्ष्ण आहे. परभणीचें वावर हें त्याच्या सीमेवरचें क्षेत्र. तेथें त्याचा प्रश्न उपयोगी पडतो, पण उत्तर त्या मातींतूनच शोधावें लागतें. घरांत घडी घालून ठेवलेल्या सुती कापडाची किंमत दुकानदारानें चिठ्ठीवर लिहिलेली असते. तींत वेचणारीचे, पेरणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे श्रम किती धरले गेले आणि किती फुकट गेले, हें त्या चिठ्ठीवर कधींच लिहिलेलें नसतें.